पतंगांचे पंचांग



बारामतीच्या व्यासपीठावर ऊस, पाणी आणि सहकार यांवर बोलणारा वक्ता घरचा वाटतो. पतंगांवर बोलणाऱ्याला मात्र आधी सांगावे लागते की विषय आकाशात उडवायच्या कागदी पतंगांचा नाही, रात्री ओट्यावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या कीटकांचा आहे. आज मांडायचा मुद्दा एकच आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पतंगांचे निरीक्षण व्हायचे असेल, तर त्याचा मोसम इथल्या पावसाने आणि इथल्या पाटाच्या पाण्याने ठरवला पाहिजे, बाहेरून आलेल्या तारखेने नव्हे. हा चार हौशी लोकांचा प्रश्न वाटेल, पण त्याच्या उत्तरात इथल्या शेतीचाही हिशेब दडलेला आहे, म्हणून त्यासाठी आपला तासभर मागतो आहे.

बाहेरची तारीख कोणती, ते आधी पाहू. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या काही निसर्गप्रेमींनी 2012 साली जुलैचा शेवटचा आठवडा पतंगांसाठी राखून ठेवला. बघता बघता तो सप्ताह जगभर पसरला आणि भारतातही त्या दिवसांत ठिकठिकाणी पांढरे पडदे लागतात, दिवे पेटतात, छायाचित्रे निघतात. उपक्रम चांगलाच आहे. न्यू जर्सीत जुलै म्हणजे ऐन उन्हाळा, तेव्हा तिथली निवड योग्य. कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरही ती काही प्रमाणात चालून जाते, कारण तिथे जूनपासून हवा उबदार आणि ओलीचिंब असते, झाडाला कोवळी पालवी असते आणि अळ्यांना खायला कमी नसते. दमट प्रदेशातला पतंग मोसमाच्या बाबतीत तसा सुखवस्तू असतो. आपण मात्र पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आलो की तो साधारण पाचशेवर येऊन थांबतो. दमट हवा आपल्याकडे पाहुणी म्हणून येते आणि तीही सलग राहत नाही.

ती सलग राहत नाही, हे महत्त्वाचे. मृगाच्या सरी येतात, पेरण्यांची गडबड होते, आणि मग आर्द्रा-पुनर्वसूपासून आभाळ भरलेले पण कोरडे राहते. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे पुष्य नक्षत्र. या दिवसांत पश्चिमेचा वारा असा सुटतो की सुप्याच्या माळावर ताठ उभे राहणे कठीण. भुरभुर पडते, पण ढेकूळ भिजत नाही. पतंगासारख्या हलक्या जिवाला वारा हा थंडीपेक्षा मोठा शत्रू, आणि जोराच्या वाऱ्यात तो उडतच नाही. खरा पाऊस पुढे उत्तरा आणि हस्तात, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो. सरासरी पाहिली तर सप्टेंबर हाच इथला सर्वात ओला महिना. म्हणून पुष्यात पडदा लावून दोन-चारच पतंग मोजले आणि ‘आमच्या भागात पतंग फारसे नाहीत’ असा निष्कर्ष काढला, तर मोजणी बरोबर आणि निष्कर्ष चूक, असे होईल.

या म्हणण्याला भक्कम पुरावा हवामानखात्याच्या तक्त्यांच्या आधी इथल्या शेतकऱ्याने दिलेला आहे. जिरायती पट्ट्यात, म्हणजे सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूला, मुख्य पीक खरिपाचे नसून रब्बी ज्वारीचे. ज्याची वर्षाची भाकरी सप्टेंबरच्या पावसावर उभी आहे, त्याने आपले पंचांग कधीच ठरवून टाकले. वनस्पतीवर जगणारी अळी आणि तिचा पतंग वेगळे पंचांग कुठून आणणार?

कीटकांच्या बाजूनेही पुरावा आहे. कोरड्या प्रदेशातले अनेक पतंग वर्षाचा मोठा भाग कोषावस्थेत जमिनीखाली काढतात. लाल केसाळ अळी हे त्याचे ठळक उदाहरण. भुईमूग-बाजरीसारख्या जिरायती पिकांवर ती तुटून पडते. तिचे कोष बांधाच्या कडेला, झाडाखालच्या मऊ मातीत आठ-दहा महिने निपचित पडून राहतात. जमीन भिजवणारी पहिली दमदार सर आली की काही दिवसांतच पतंग झुंडीने बाहेर पडतात. कॅलेंडरात काय छापले आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते, मातीत ओल किती खोल गेली यावर सगळे ठरते. उन्हाळी खोल नांगरटीचा सल्ला कृषी खाते वर्षानुवर्षे देते त्याचे एक कारण हेच, की नांगराने वर आलेले कोष उन्हाने मरतात आणि उरलेले बगळे-साळुंक्या टिपतात. म्हणजे जिरायतीत पतंगांचे दोन हंगाम दिसायला हवेत: एक मृगाच्या सरींनंतरचा, छोटा आणि झटक्यात संपणारा, दुसरा उत्तरा-हस्तातला, मोठा आणि दिवाळीपर्यंत रेंगाळणारा.

इथपर्यंत प्रकरण सोपे होते. ते गुंतागुंतीचे केले कालव्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पुढे साखर कारखाने आले, उजनीचे पाणी इंदापूरच्या उशाशी येऊन थांबले, आणि या दोन तालुक्यांत पावसाच्या पंचांगाशेजारी पाण्याच्या पाळीचे दुसरे पंचांग सुरू झाले. बागायतीत बारा महिने काहीतरी हिरवे असते. मातीखाली वाट पाहत बसण्याची गरजच उरत नाही. उसावरच्या खोडकिड्याचे पहा. त्याचा गवती रंगाचा इवलासा पतंग नजरेतही भरत नाही, पण त्याच्या अळीचा उपद्रव सर्वात जास्त होतो तो मार्च ते मे या कोरड्या, तापलेल्या महिन्यांत, सुरू उसाचे कोंब लहान असताना. पोंगा वाळतो, ओढला की अलगद हातात येतो. पाऊस पडून हवा दमट झाली की हा किडा ओसरतो. म्हणजे जिरायतीतला दिवा एप्रिल-मेमध्ये जवळपास रिकामा असताना, पाच-दहा किलोमीटरवरच्या उसाच्या फडाशेजारचा दिवा रिकामा नसतो. एकाच तालुक्यात, एकाच आभाळाखाली, दोन उलटे मोसम. पाण्याने निसर्गाच्या वेळापत्रकात नेमका काय फरक पडतो, हे पाहायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. सह्याद्रीत पतंगांच्या जाती कितीतरी अधिक आहेत आणि तळहाताहून मोठे, देखणे पतंग तिथेच भेटतात, हे मान्य. पण हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. तिथे सगळेच ओले.

आता पहिला आक्षेप, आणि तो या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मनात असेल. पतंग म्हणजे अळी, अळी म्हणजे कीड, आणि कीड मोजायची कशाला, मारायची. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हरभऱ्यातली घाटे अळी, कपाशीतली गुलाबी बोंडअळी, 2018 साली मे महिन्यात कर्नाटकात प्रथम सापडून त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पोहोचलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, ही सगळी पतंगांचीच लेकरे. दूधधंद्यासाठी चाऱ्याचा मका करणाऱ्याला या शेवटच्या पाहुणीची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण भारतात पतंगांच्या सुमारे दहा हजार जाती नोंदलेल्या आहेत, आणि पिकाचे लक्षणीय नुकसान करणाऱ्या त्यांतल्या अगदी थोड्या. उरलेल्या रानगवत खातात, वाळका पाला खातात, रानवेलींवर वाढतात, फुलांचे परागण करतात आणि पाखरांच्या, वटवाघळांच्या, पालींच्या पोटात जातात. माळावरचा रातवा पक्षी तर रात्रभर तोंड उघडून यांच्याच मागे असतो.

याहून बोलके उदाहरण ऊसवाल्यांना आठवत असेल. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. पानाखाली पांढरी लोकर, पानावर चिकट गोड स्राव आणि त्यावर चढलेली काजळी. सगळा फड काळवंडून जाई. दहा-बारा फुटी उसात फवारणी करणारा माणूस शिरणार कसा? त्या संकटात जे मित्रकीटक कामी आले त्यांत डिफा ॲफिडिव्होरा या नावाचा एक राखाडी, क्षुल्लक दिसणारा जीव होता. त्याची अळी उसाचे पान खात नाही. ती पानाच्या खालच्या बाजूला माव्याच्या वसाहतीतच रेशमी जाळी विणून राहते आणि आतल्या आत मावा फस्त करत पुढे सरकते. शास्त्रज्ञांनी आणि कारखान्यांनी या अळ्या एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडल्या. हा डिफा पतंग आहे. दिव्याखाली मेलेला सापडला असता तर उसाची कीड म्हणून केराबरोबर झाडून टाकला गेला असता. कोणता पतंग मारायचा हे ठरवण्यासाठीसुद्धा आधी पतंग ओळखावा लागतो.

आणि पतंग पाळणारे शेतकरी तर याच सभागृहात बसलेले असतील. तुती लावून अंडीपुंज आणणारा, संगोपनगृहात रात्री-अपरात्री पाला टाकणारा आणि बारामतीच्या बाजार समितीत कोष विकणारा माणूस पतंगाचाच धंदा करतो. फक्त रेशमाचा पतंग माणसाच्या सहवासात उडायचेही विसरला. खोडकिड्याविरुद्ध उसात लावले जाणारे ट्रायकोकार्ड घ्या. त्यावर चिकटवलेली मोहरीहूनही बारीक हजारो अंडी तांदळावरच्या पतंगाची असतात. ट्रायकोग्रामाची गांधीलमाशी त्या अंड्यांत वाढते, बाहेर पडते आणि फडात खोडकिड्याची अंडी शोधत फिरते. एका पतंगाच्या अंड्यांवर पोसलेली फौज दुसऱ्या पतंगावर सोडायची, असा हा व्यवहार.

दुसरा आक्षेप सरकारी स्वरूपाचा आहे: हे काम आधीच चालू आहे. शेतात कामगंध सापळे आहेत, प्रकाश सापळे आहेत, 2009-10 पासून राज्यात क्रॉपसॅप प्रकल्पाखाली कीड-सर्वेक्षण होते, आणि सापळ्यात रोज आठ-दहा पतंग सलग दोन-तीन दिवस सापडले की घाटे अळीसाठी उपाय करा, असा सल्ला मोबाइलवर येतो. ही व्यवस्था मोलाची आहे, पण तिची नजर पिकावर खिळलेली आहे. कामगंध सापळ्यातली ल्यूर एकाच जातीच्या नराला बोलावते. हंगाम संपला की सापळा निघतो. जिथे नोंदीतले पीक नाही, त्या माळावर सापळा लागतच नाही. त्यामुळे वर्षभर, एकाच ठिकाणी, सगळ्या पतंगांची आणि रिकाम्या रात्रींचीही नोंद, असे काही त्यातून हाती येत नाही. प्रकाश सापळ्याचे तर असे होते की सकाळी घमेल्यातल्या रॉकेलच्या पाण्यावर तरंगणारा सगळा खच बांधावर ओतला जातो. हुमणीचे भुंगेरे मोजणारे शेतकरी आहेत. बाकीच्याकडे कोणी पाहत नाही.

एक पतंग जरा जवळून पाहू, म्हणजे मोसमाचा मुद्दा आणि नोंदीचा मुद्दा एकत्र का येतात ते कळेल. डाळिंबातला रस शोषणारा पतंग इंदापूरच्या बागायतदारांना नावाने ठाऊक आहे. पंख मिटून बसला तर वाळलेले पान. पंख उघडले की मागच्या जोडीचा झगझगीत नारिंगी रंग आणि त्यावर काळा पट्टा. बहुतेक फुलपाखरे-पतंगांची सोंड मऊ नळीसारखी असते, याची सोंड टोकाशी कडक आणि काटेरी. ती फळाच्या सालीत घुसते, टाचणीने टोचावे एवढे भोक पडते, आत रस शोषला जातो, मग भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळते. इथे अळी निर्दोष असून प्रौढ पतंग गुन्हेगार आहे. त्याचा जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे नेमका मृग बहाराची फळे भरताना. अळी बागेत राहतच नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते, आणि या वेली पावसाने फोफावतात. म्हणजे बागायतीतले नुकसान जिरायती बांधावर, पावसाच्या पंचांगानुसार शिजत असते. वेली उपटा, असा सल्ला दिला जातो. गुळवेल औषधी, म्हणून कोणी लावतोही. दोघांनाही उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच: आपल्या गावात हा पतंग कोणत्या नक्षत्रात दिसू लागतो याची पाच-सात वर्षांची नोंद. फळांना पिशव्या कधी घालायच्या, धूर कधी करायचा आणि बॅटरी घेऊन संध्याकाळी बागेत कधी फिरायचे, हे तिच्यावरून ठरवता येईल.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि मला तो सर्वात वजनदार वाटतो. दिवा हा खोटे बोलणारा साक्षीदार आहे. चांदण्या रात्री दिव्यावर पतंग कमी येतात. वाऱ्यात येत नाहीत. दिवा बदलला की आकडा बदलतो. जुन्या मर्क्युरी दिव्यात अतिनील किरण भरपूर होते, ग्रामपंचायतीने खांबावर लावलेल्या नव्या एलईडीत ते नसल्यातच जमा. त्यामुळे ‘पूर्वी दिव्यावर किडे किती यायचे’ या आठवणीतली घट किती पतंगांची आणि किती दिव्याची, हे सांगणे अवघड आहे. त्यातही सगळे पतंग दिव्याला सारखे भुलत नाहीत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिले की कीटक दिव्यावर झेप घेत नाहीत. उजेड नेहमी वरून येतो या सवयीने ते पाठ दिव्याकडे वळवतात आणि त्यामुळे त्याच्याभोवती अडकून पडतात. कवींच्या प्रेमवेड्या परवान्याचे यात थोडे नुकसान झाले, त्याला इलाज नाही. त्याच प्रयोगात कण्हेरीवरच्या हॉक मॉथने मात्र असे वळण घेतले नाही, आणि हा हिरवा, संगमरवरी नक्षीचा पतंग आपल्या अंगणातल्या कण्हेरी-तगरीवरच वाढतो. डाळिंबातला रसशोषक पतंगही दिव्याकडे फारसा फिरकत नाही.

आक्षेप खरा आहे आणि उत्तर त्यातच आहे. साक्षीदार एकाच पद्धतीने खोटे बोलत असेल, तर त्याच्या जबानीतला फरक तरी खरा मानता येतो. दिवा तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवायची, म्हणजे जूनचा आकडा आणि सप्टेंबरचा आकडा यांची तुलना करता येईल. चांदण्याचा अडसर टाळायला तर आपल्या पंचांगाने सोय करून ठेवली आहे: अमावस्या. जुलैचा शेवटचा आठवडा कधी पौर्णिमेला येतो, कधी अमावस्येला. अमावस्या मात्र दर महिन्याला अमावस्येलाच येते. दिवाळीची तेवढी सोडून द्यावी, त्या रात्री घराघरावर पणत्या आणि माळा असताना मोजणीला अर्थ नाही. दिव्याकडे न येणाऱ्यांसाठी गूळ आहे. गुळाच्या घट्ट पाण्यात पिकलेले केळे कुस्करून, दोन दिवस आंबवून झाडाच्या बुंध्याला लावले की रस पिणारे पतंग तिथे येतात. गुळाला या भागात तोटा नाही. ‘अमावस्येला रात्री रानात कुठे जायचे’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतील, आणि उसाच्या फडात बिबट्याचा वावर वाढल्यापासून ते म्हणणे अंधश्रद्धा म्हणून उडवूनही लावता येत नाही. म्हणून मोजणी घराच्या ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात व्हावी. पांढरी चादर, एक दिवा, संध्याकाळचे दोन तास. दिवा रात्रभर जाळू नये. पतंग थकून मरतात आणि पहाटे पाखरांचे आयते भक्ष्य होतात.

ओळख पटवणार कोण, हा प्रश्न राहतो. दहा हजार जाती कोणालाच पाठ नसतात. हॅम्प्सनचे ब्रिटिश काळातले जाडजूड खंड आहेत, 2018 साली आलेले व्ही. शुभलक्ष्मी यांचे भारतीय पतंगांवरचे मार्गदर्शक पुस्तक आहे, मोबाइलवर छायाचित्रे टाकून नाव विचारण्याची सोय आहे, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे. पण सुरुवातीला आठ-दहा ठळक पतंग पुरेत. तागावरचा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा, उसाच्या शेंडेकिड्याचा चंदेरी पांढरा, ज्याच्या मादीच्या शेपटाशी नारिंगी झुपका असतो, तिळावर वाढणारा आणि पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, कण्हेरीवरचा हिरवा. बाकीच्यांची नुसती संख्या लिहावी, शून्य असेल तर शून्य लिहावे. ब्रिटनमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्राने 1968 पासून देशभर सारख्याच दिव्यांचे सापळे चालवले आणि त्यांतले बरेचसे स्वयंसेवकांनी सांभाळले. त्या वह्यांमुळेच आज तिथे ठामपणे सांगता येते की पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची संख्या सुमारे 33 टक्क्यांनी घटली. आपल्याकडे घटली की वाढली, याचे उत्तर द्यायला तशी वहीच नाही.

आणि माळ. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे 5.14 चौरस किलोमीटरचे. कडबनवाडीचे गवताळ रान चिंकारा पाहायला येणाऱ्यांना माहीत आहे. बाकीचा माळ सातबाऱ्यावर पडीक म्हणून नोंदला जातो आणि कोणी सौर पॅनेल लावायला, कोणी झाडे लावायला, कोणी पाणी उचलून बाग करायला निघतो. यातले काही बरोबरही असेल. पण बागायतीचे पंचांग माळावर किती सरकले, हे पतंगांच्या नोंदीवरून समजेल, तेही अभयारण्यात दिवा न लावता, हद्दीबाहेरच्या वस्तीतल्या ओट्यावरून. एप्रिलमधला रिकामा दिवा भरू लागला, तर पाणी आणि त्यामागून येणाऱ्या किडी कुठवर पोहोचल्या ते पंचनाम्याच्या आधी कळेल.

म्हणून विनंती अशी. दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांनी दोन-दोन ओटे निवडावेत, एक जिरायतीतला आणि एक पाटाखालचा. उत्तरा नक्षत्र 13 सप्टेंबरच्या आसपास लागते आणि सर्वपित्री अमावस्या त्यानंतर महिनाभरात येते. पहिली नोंद त्या रात्री करावी, दिवा कोणता, वारा किती, पाऊस कधी पडला हे वर लिहावे, आणि पुढे दर अमावस्येला एक पान. शंभर पानी वही आठ वर्षे पुरते.